महाडीबीटीवर ठिबकसाठी निवड झाली पण पूर्वसंमती नाही, डीलर म्हणतोय माल टाकून घ्या, काय करावं?

मांजराकाठचा

नमस्कार मंडळी. मी पुण्याकडं कंपनीत आहे, गाव बीड जिल्ह्यात, शेती बाबा बघतात. सोयाबीन काढून अडीच एकरात ऊस लावायचा आहे, पूर्वहंगामी, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कांडी जमिनीत जायला पाहिजे. विहिरीचं पाणी बेताचं आहे म्हणून ठिबकशिवाय पर्याय नाही, आणि ते बाबांना दहा वर्ष सांगून आत्ता कुठं पटलंय.

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शेतकरी योजनांच्या पोर्टलवर, गावातल्या सेवा केंद्रातून ठिबकच्या अनुदानासाठी अर्ज भरला. फार्मर आयडी आधीच काढलेला होता. २३ रुपये ६० पैसे फी दिसते पण केंद्रवाल्यानं ३०० घेतले, ते जाऊ द्या. मागच्या आठवड्यात निवड झाल्याचा मेसेज आला, कागदपत्रं अपलोड करून झाली, आता स्टेटस छाननीतच अडकलंय.

इकडं डीलर रोज बाबांना फोन करतोय की काका निवड झाली म्हणजे झालंच, पूर्वसंमती काय नुसती फॉर्म्यालिटी असते, माल आजच टाकून घ्या पुढच्या महिन्यात रेट वाढणार आहेत. एकूण १ लाख ४५ हजार सांगतोय आणि म्हणतो ८० टक्के सरकार देतं म्हणजे तुम्हाला २९ हजारात पडलं. वर असंही म्हणतो की पूर्ण पैसे भरायचे नसतील तर फक्त तुमचा हिस्सा द्या आणि एक सही केलेला कोरा चेक ठेवा, अनुदान आलं की मी काढून घेतो.

मला काही गोष्टी विचारायच्यात. पूर्वसंमतीच्या आधी माल घेतला तर खरंच चालतं का? हा २९ हजाराचा हिशोब बरोबर आहे का? आणि गट सामाईक आहे, बाबा आणि काका दोघांचं नाव आहे, काकांशी दोन वर्षांपासून बांधावरून बोलणं बंद आहे, त्यांची सही लागते का? केंद्रवाला म्हणाला बघू नंतर. आणि अर्जात मोबाईल नंबर त्यानं स्वतःचा टाकलाय असं आता कळलं.

---

निफाडचा_शेतकरी

भाऊ, सगळ्यात आधी डीलरचा फोन उचलणं बंद करा, बाबांना पण सांगा. निवड आणि पूर्वसंमती ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवड म्हणजे तुमचा नंबर लागला एवढंच. पूर्वसंमती म्हणजे तालुका कृषी कार्यालयानं तुमचे कागद बघून सांगितलं की हां, आता ह्या माणसानं ह्या क्षेत्रावर खरेदी करायला आमची हरकत नाही. बिलाची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची निघाली की अनुदान विसरा, मग तुम्ही कितीही चांगलं ठिबक बसवलेलं असो. मी हे दुसऱ्याचं ऐकून सांगत नाहीये, माझ्या सख्ख्या मेव्हण्याचं असंच गेलं, चार दिवसांच्या फरकानं. बिल १२ तारखेचं आणि पूर्वसंमती १६ तारखेची. माणूस रडकुंडीला आला होता, पण कागदावर जे आहे ते आहे, कोण काय करणार.

आता हिशोबाचं. डीलरनं तुम्हाला अर्धं खरं सांगितलंय. ८० टक्के बरोबर आहे, पण कशाचे ८० टक्के ते बघा. केंद्राच्या प्रति थेंब अधिक पीक योजनेत अल्प आणि अत्यल्प भूधारकाला, म्हणजे ज्याची एकूण जमीन २ हेक्टरच्या आत आहे त्याला, ५५ टक्के मिळतात आणि बाकीच्यांना ४५. त्यावर आपलं राज्य मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ किंवा ३० टक्के भर घालतं, असं मिळून ८० आणि ७५ होतात. पण हे टक्के तुमच्या बिलावर नाहीत, शासनानं ठरवलेल्या खर्चाच्या मर्यादेवर आहेत. ती मर्यादा लॅटरलच्या, म्हणजे रानात पसरायच्या ठिबकच्या नळ्यांच्या, अंतरावर असते. १.२ बाय ०.६ मीटरला हेक्टरी १,२७,५०१ रुपये धरतात आणि १.५ बाय १.५ ला ९७,२४५. तुमचं अडीच एकर म्हणजे एक हेक्टर झालं. पहिल्या अंतरावर गेलात तर ८० टक्क्यानं १ लाख २ हजार मिळतील, म्हणजे १ लाख ४५ हजाराच्या बिलात तुमच्या खिशातून ४३ हजार, २९ नाही. आणि त्यानं डिझाईन दुसऱ्या अंतराचं केलं असेल तर अजून जास्त. म्हणून कोटेशन हातात घ्या आणि त्यावर अंतर काय लिहिलंय ते आधी बघा, रकमेकडं नंतर.

बाबांच्या नावावर दुसऱ्या गावात जमीन आहे का? सगळी मिळून २ हेक्टरच्या वर गेली तर ७५ टक्क्यात जाल. ८अ वर, म्हणजे खातेदाराच्या त्या गावातल्या सगळ्या जमिनीच्या उताऱ्यावर, कळतं, पण गाव बदललं की ८अ पण वेगळा असतो, तेवढं लक्षात ठेवा.

कोऱ्या चेकबद्दल मी काही बोलत नाही, तुम्ही शिकलेले आहात.

---

कपाशीवाला_यवतमाळ

पूर्वसंमती म्हणजे लग्नाआधीची कुंडली हाय भाऊ. जुळली नाही तरी लग्न करता येते पण मंग हुंडा मांगू नका 😀

माह्या डोळ्यासमोरची गोष्ट सांगतो. पहिले लॉटरी होती ना, तेव्हा तीन वर्ष नंबरच नाही लागला. आता २०२५ पासून लॉटरी गेली, जो पहिले अर्ज करन त्याचा नंबर पहिला. बरं झालं म्हणा. पण त्यानं काय झालं, घाईघाईत लोक अर्ज करते अन कागद मागून गोळा करते. कागदच नसले तर पहिला नंबर लागून काय कामाचा? मुदतीत अपलोड नाही केले का अर्ज रद्द, मंग परत लाईनीच्या शेवटी उभं राहा.

डीलर लोकायचं म्हणाल तर त्याईले फक्त गोडाऊन खाली करायचं असते.

---

रोटाव्हेटरवाली_ताई

मी सातारा जिल्ह्यातली. ठिबकचं मला फारसं माहीत नाही पण पोर्टलवर हात पोळून घेतलेत म्हणून लिहिते.

आमचा अर्ज औजारांचा होता, रोटाव्हेटर. महिला शेतकरी म्हणून ५० टक्क्यांच्या गटात बसते, अल्पभूधारक नसलेल्या सर्वसाधारण पुरुष खातेदाराला ४० असतात, म्हणून ह्यांनी माझ्या नावानं अर्ज केला, जमीन माझ्या नावावर आहेच थोडी माहेरची. निवड झाली, पूर्वसंमती आली, सगळं वेळेत. मग हे गेले दुकानात आणि बिल केलं स्वतःच्या नावानं! का, तर दुकानदारानं विचारलं नाव काय, ह्यांनी सांगितलं स्वतःचं, पंचवीस वर्षांची सवय. पैसे पण ह्यांच्याच खात्यावरून पाठवले. मी घरी बिल बघितलं आणि कपाळाला हात लावला. परत दुकानात जाऊन बिल रद्द करून माझ्या नावानं घ्यायला, माझ्या खात्यातून परत रक्कम फिरवायला बारा दिवस गेले आणि दुकानदार वर आमच्यावरच चिडलेला.

म्हणून सांगते, अर्ज ज्याच्या नावाचा त्याच्याच नावानं कोटेशन, बिल आणि पैसे पण त्याच्याच खात्यातून, रोख अजिबात देऊ नका. रोखीची पावती कुणी धरत नाही. तुम्ही पुण्याहून तुमच्या गुगल पे वरून डीलरला पैसे पाठवाल म्हणून मुद्दाम लिहिलं, कारण माझ्या दिरानं तेच केलंय. आधी बाबांच्या खात्यात टाका आणि तिथून बँकेतर्फे पुढं जाऊ द्या.

आणि ते खातं आधारला लिंक आहे का ते बघा. लिंक म्हणजे नुसतं केवायसी नाही हो. केवायसी सगळ्यांचंच झालेलं असतं. अनुदान ज्या खात्याला आधार सीडिंग आहे त्यातच जातं, आणि ते सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं, शेवटी ज्या बँकेत केलं त्या. आमच्या शेजारच्या काकूंनी कुठल्याशा योजनेसाठी पोस्टात खातं काढलं, त्यात सीडिंग झालं, आणि मग वर्षभर जुन्या बँकेत फेऱ्या मारत होत्या की पैसे आले का आले का. पैसे पोस्टात येऊन पडलेले. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस म्हणून दिसतं, बाबांच्या मोबाईलवर ओटीपी घेऊन दोन मिनिटात कळेल.

---

केंद्रचालक_मराठवाडा

मी स्वतः सेवा केंद्र चालवतो, दुसऱ्या जिल्ह्यात. आमच्यातल्याच माणसाची चूक आहे म्हणून आधी माफी मागतो, आणि थोडी आमची बाजू पण सांगतो. नंबर आम्ही आमचा का टाकतो तर शेतकरी अर्ज भरायला येतो तेव्हा निम्म्या वेळा मोबाईल घरी मुलाकडं असतो नाहीतर रिचार्ज संपलेला असतो, ओटीपी येत नाही, मागं वीस माणसं रांगेत. तरीपण चूकच. कारण छाननीत त्रुटी निघाली की मेसेज त्या नंबरवर जातो, आमच्याकडं दिवसाला असे पन्नास मेसेज येतात, कुणाचा कुणाला सांगणार. मुदत तशीच निघून जाते आणि शेतकऱ्याला वाटतं ऑफिसनं अडवलं.

तुम्ही एवढं करा. फार्मर आयडीनं लॉगिन होतं, बाबांचा आधारचा मोबाईल चालू असेल तर तुम्ही पुण्यात बसून उघडू शकता, बाबांनी फोनवर ओटीपी सांगायचा. आत जाऊन प्रोफाईलमधला नंबर बदलून घ्या आणि केंद्रवाल्यानं काय काय अपलोड केलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मी शंभरातले कितीतरी अर्ज असे बघितलेत की सातबाऱ्याच्या जागी आधारचा फोटो चढवलेला, नाहीतर मोबाईलनं काढलेला तिरका अंधारा फोटो ज्यात गट नंबरच वाचता येत नाही. पोर्टल तेवढ्या मापाची फाईल घेतं, आत काय आहे ते नाही बघत. ते बघणारा माणूस पुढं बसलेला असतो आणि तो वाचता आलं नाही की परत पाठवतो. सातबारा आणि ८अ डिजिटल सहीचाच काढा, १५ रुपयात ऑनलाईन निघतो, सरळ पीडीएफ मिळते, स्कॅनची भानगडच नाही.

सामाईक गटाचं: सही लागते. बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र मागतातच. काकांना मनवा. आणि अजून एक विचारून ठेवा, काकांनी मागच्या काही वर्षांत त्याच गटात ठिबकचं अनुदान उचललंय का? एकदा लाभ घेतलेल्या क्षेत्रावर सात वर्ष परत मिळत नाही. सामाईक गटात हे फार होतं, एका भावानं घेतलेलं असतं, दुसऱ्याला पत्ताच नसतो, आणि बोलणं बंद असेल तर तर विचारूच नका.

सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का? नसेल तर पाण्याच्या सोयीचं स्वयंघोषणापत्र द्यावं लागेल. वीजबिल जोडलं असेल तर कुणाच्या नावाचं आहे? आजोबांच्या नावाचं असतं बहुतेक ठिकाणी 😅

---

मांजराकाठचा

सगळ्यांचे खूप आभार. रात्री बाबांशी बोललो. आता जे सांगतो त्यावर शिव्या देऊ नका.

माल आलाय. परवाच. बाबांनी मला सांगितलंच नाही, म्हणाले तुला सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. लॅटरलची बंडलं गोठ्यात ठेवलीत, फिल्टर पण आलाय, सबमेनसाठी (लॅटरलला पाणी देणारा मोठा पाईप) चारी खोदून झालीय. १० हजार रोख दिलेत डीलरला. कागद म्हणून एक कच्ची चिठ्ठी आहे वहीच्या पानावरची, पक्कं बिल अजून केलेलं नाही. कोरा चेक दिला नाही एवढं बरं, कारण चेकबुकच संपलंय.

वीजबिल आजोबांच्या नावाचं आहे. तुम्हाला कसं कळलं?

लॉगिन केलं. सातबारा बरोबर आहे पण ८अ मागच्या वर्षीचा चढवलाय आणि कडेनं कापला गेलाय.

---

कपाशीवाला_यवतमाळ

काही नाही होत. बिलावर मागून तारीख टाकते डीलर, सगळे तसंच करते.

---

निफाडचा_शेतकरी

@कपाशीवाला असले सल्ले देऊ नका राव. बिलावर तारीख पुढची टाकली तरी मोका तपासणीला माणूस येतो, जिओ टॅगचा फोटो काढतो, लॅटरलवर कंपनीचं नाव आणि बॅच छापलेली असते. आणि सापडलं तर डीलर हात वर करतो, नाव तुमचंच जातं.

मांजराकाठचे भाऊ, अजून काही बिघडलेलं नाही. पक्कं बिल झालेलं नाही आणि माल रानात पसरलेला नाही. डीलरला सांगा माल तुझा आहे, तुझ्याच गोडाऊनला परत ने, पूर्वसंमती आली की त्या दिवसानंतर माल दे आणि बिल कर, १० हजार परत दे नाहीतर ॲडव्हान्स म्हणून लेखी दे. तो कुरकुर करेल. करू दे. दीड लाखाचं गिऱ्हाईक तो १० हजारासाठी सोडत नाही. आणि हा डीलर त्या कंपनीचा नोंदणी असलेला वितरक आहे ना हे पण आत्ताच विचारून घ्या, नसेल तर त्याच्याकडून घेऊच नका.

चारी खोदलीय ती खोदलीय, चारीला कुणी काही म्हणत नाही.

---

केंद्रचालक_मराठवाडा

हेच लिहिणार होतो. गोठ्यात पण ठेवू नका, उगाच शंकेला जागा. तुमच्या गावचे कृषी सहाय्यक (आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणायचं, नाव मोठं झालं गावं तेवढीच राहिली) त्यांना एकदा जाऊन भेटा, फोन नको, भेटा. त्यांना सरळ विचारा साहेब छाननीत काय राहिलंय. मी बघतो ना, जो माणूस एकदा तोंड दाखवून येतो त्याची त्रुटी काय आहे ते निदान त्याला कळतं तरी.

८अ नवीन काढून ठेवा, त्रुटीत परत आला की लगेच चढवता येईल.

---

रोटाव्हेटरवाली_ताई

बाबांना ओरडू नका हं. हंगाम डोळ्यासमोर जात असेल तर शेतकऱ्याचा जीव राहत नाही, आमच्याकडं पण तेच.

लागणीचं मला सुचतंय ते सांगते. पूर्वहंगामी हुकली तर सुरू लागण करा जानेवारीत, तेवढ्यात मेथी कोथिंबीर असं काही लवकरचं निघतं का बघा. टनेज पूर्वहंगामीपेक्षा कमी बसेल हे खरंय. पण लाखाच्या अनुदानापुढं काय ते तुम्हीच ठरवा. नाहीतर कांडी आत्ता लावून पहिली दोन पाणी सरीनं द्या आणि ठिबक मागून पसरा, आमच्याकडं बरेच जण असं करतात, ऊस लहान असेपर्यंत लॅटरल पसरायला अडचण येत नाही. विहिरीत तेवढं पाणी असलं म्हणजे झालं.

---

निफाडचा_शेतकरी

ताईंचं दुसरं बरोबर वाटतं. फक्त ज्या अंतराचं ठिबक त्याच अंतराची सरी पाडा, नाहीतर मागून लॅटरल बसणार नाही आणि मंजुरीतलं डिझाईन एक आणि रानातलं दुसरं असं होईल. आणि पैशाचं एक मनात धरून चाला, अनुदान लगेच येत नाही. तपासणी झाल्यावर निधी येईल तसं खात्यात पडतं, माझं आलं ते नऊ महिन्यांनी. तेव्हा पूर्ण रकमेची सोय करूनच उडी घ्या, व्याजानं पैसे काढून अनुदानाच्या भरवशावर बसू नका.

---

मांजराकाठचा

अपडेट देतो. रविवारी गावाला जाऊन आलो.

डीलर माल घेऊन गेला. फार बोलला, तुमच्यासारखी माणसं बघितली नाहीत वगैरे, पण घेऊन गेला. १० हजाराची लेखी पावती घेतली ॲडव्हान्स म्हणून. कोटेशन नीट बघितलं तर अंतर १.५ बाय १.५ चंच होतं, म्हणजे निफाडच्या भाऊंनी सांगितलं तसं ८० टक्के धरून सुद्धा ७७ हजाराच्या आसपासच आलं असतं आणि आमचा हिस्सा ६७ हजार. आता दुसऱ्या वितरकाकडून १.२ चं कोटेशन मागवलंय, ते १ लाख ३८ सांगतायत.

कृषी सहाय्यक भेटले, चांगले आहेत. म्हणाले ८अ आणि संमतीपत्र एवढंच राहिलंय, ते आलं की पुढं पाठवतो.

मग काकांकडं गेलो. बाबा आले नाहीत, मी एकटाच. काकूनं चहा केला. काकांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले सही करतो, ह्या गटात मी कधी अनुदान घेतलेलं नाही, पण सबमेन टाकताय तर माझ्या बाजूला एक व्हॉल्व्ह सोडा, विहीर दोघांची आहे. मी हो म्हणून आलोय. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

तर आता प्रश्न असा की मंजूर डिझाईनमध्ये नसलेला एक जास्तीचा व्हॉल्व्ह सबमेनला काढला तर तपासणीला अडचण येते का? तो खर्च आम्ही वेगळा करू, बिलात धरणार नाही.

---

केंद्रचालक_मराठवाडा

वेगळ्या बिलात असेल आणि तपासणी झाल्यावर जोडला तर कुणाचं काही म्हणणं नसावं, तरी सहाय्यक साहेबांना आधी विचाराच. आणि आधी बाबांना विचारा.